रेड डॉगची गोष्ट : तांबड्या ओढ्याने काय सांगितले?

खनिजशोधाच्या ज्या गोष्टी लोकप्रिय विज्ञानलेखनात पुन्हा पुन्हा भेटतात, त्यांत अलास्कातील रेड डॉगची गोष्ट आघाडीवर आहे. उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, डी लाँग पर्वतराजीत, बॉब बेकर नावाचा वैमानिक लहान विमानातून हिंडत असे. बरोबर त्याचा तांबूस कुत्रा. एका ओढ्याचे पात्र तांबडे-नारिंगी झालेले त्याला वरून दिसले. ही खबर त्याने अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेतील अर्व्हिन टेलर यांना दिली आणि जगातील अतिशय मोठ्या जस्तसाठ्यांपैकी एक सापडला. ओढ्याला नाव मिळाले कुत्र्यावरून.

गोष्ट खरी आहे, चटकदार आहे आणि वर्गात सांगितली तर मुले कान टवकारतात. तरीही तिच्याविषयी आमची तक्रार आहे. जेथे विज्ञान सुरू होते, नेमकी तेथेच ती संपते.

आधी रंगाचे पाहू. ओढ्याचा तांबडा रंग जस्ताचा नव्हे, शिशाचाही नव्हे; तो लोखंडाचा. जस्त आणि शिसे यांची गंधकयुक्त खनिजे, म्हणजे स्फॅलेराइट व गॅलेना, जेथे असतात तेथे बहुधा पायराइट हे लोखंडाचे सल्फाइडही असते. पायराइटला हवा व पाणी मिळाले की गंधकाम्ल तयार होते, लोह विरघळून ओढ्यात येते आणि पुढे त्याचा तांबूस साका तळाशी बसतो. पण नुसता पायराइट असलेला डोंगरही अगदी असाच गंजतो. तेव्हा वरून दिसलेल्या रंगावरून फार तर ‘येथे थांबून पाहावे’ एवढेच म्हणता येते. कोकणातल्या विद्यार्थ्याला हे लवकर पटेल. त्याच्या घराभोवतीचा जांभा लोहामुळेच लाल असतो, पण म्हणून त्याखाली कोणी शिसे शोधत नाही.

गोष्टीचा खरा गाभा त्यापुढे आहे. टेलर यांनी १९६८ साली तेथे जाऊन नमुने गोळा केले. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या टिपणात शिसे, जस्त आणि बराइट असलेल्या नमुन्यांची नोंद आहे. रंग पाहणे आणि नमुना तपासणे यांत अंतर आहे ते असे. आम्लयुक्त पाण्यात जस्त सहज विरघळते आणि दूरवर वाहून जाते. शिशाचे सल्फेट मात्र जवळजवळ अविद्राव्य, म्हणून शिसे उगमाच्या आसपास गाळात व मातीत अडकून राहते. याचा अर्थ पाणी, गाळ आणि खडक यांच्याकडून निरनिराळी माहिती मिळते व ती एकत्र जुळवावी लागते. आठवी-नववीच्या मुलांना विद्राव्यता शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला तरी सुचत नाही. लोकप्रिय लेखकांना मात्र कुत्रा पुरेसा वाटतो!

बराइटचेही तसेच. बेरियमचे हे जड सल्फेट सल्फाइडांच्या शेजारी आढळले, म्हणजे जुन्या समुद्रतळाशी संबंध असण्याची शक्यता वाढली. आज या साठ्याविषयी असे मानतात की, सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावरील काळ्या, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध अशा चिखलात खालून उष्ण खारे पाणी चढले. त्यात विरघळलेल्या धातूंना तेथे गंधक भेटले आणि सल्फाइडे साचली. पुढे पर्वत घडताना खडकांचे थर पत्त्यांसारखे एकमेकांवर सरकले. त्यामुळे पृष्ठभागी दिसणाऱ्या एखाद्या तुकड्यावरून साठ्याचा आकार सांगणे शक्यच नव्हते. त्यासाठी छिद्रे घेणे भाग होते.

आणि हे सारे झटपट झाले असा जो भास होतो, तो तर पुसूनच टाकायला हवा. नमुने १९६८ चे, खाण सुरू झाली १९८९ साली. मधल्या २१ वर्षांत खडकाइतकाच जमिनीचा प्रश्न होता. १९७१ च्या कायद्याने अलास्कातील मूळ रहिवाशांची प्रादेशिक महामंडळे स्थापन झाली. त्यांपैकी इनुपियाट लोकांच्या नाना या महामंडळाने ही जमीन निवडली आणि १९८२ साली कोमिन्को कंपनीशी करार केला. उत्पन्नातला वाटा ठरलाच, पण त्याचबरोबर कॅरिबूंच्या कळपांची ये-जा व शिकार यांबाबत गावकऱ्यांच्या समितीचे मत घेण्याची सोयही झाली. माल किनाऱ्यावर नेण्यासाठी सुमारे ८४ किलोमीटरचा रस्ता बांधावा लागला. समुद्र गोठत असल्याने जहाजे वर्षाकाठी जेमतेम शंभर दिवस लागतात. उरलेल्या काळात माल बंदरावरच्या कोठारांत पडून राहतो.

ओढ्याच्या पाण्याबद्दल दोन्ही बाजूंनी अर्धेच सांगितले जाते. ‘खाणीने ओढा मारला’ असे एक म्हणतो, ‘ओढा मुळातच मेलेला होता’ असे दुसरा. खाणीपूर्वीच्या पाहणीत मुख्य प्रवाहात मासे जवळजवळ नव्हते, हे खरे. खाण सुरू झाल्यावर खालच्या प्रवाहात धातू वाढले आणि १९९१ मध्ये स्वच्छ पाणी वळवून नेण्याची व्यवस्था करावी लागली, हेही खरे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रस्त्याकडेच्या शेवाळात शिसे व जस्त सापडले. ते मालवाहू गाड्यांतून उडालेल्या धुळीचे होते आणि त्याचा दोष निसर्गाकडे जात नाही. खालच्या अंगाला वुलिक नदीच्या पाण्यावर किवालिना हे इनुपियाट गाव जगते. तेथील काही रहिवाशांनी २००४ मध्ये कंपनीवर दावा लावला, तो २००८ मध्ये तडजोडीने मिटला.

वर्गात ही गोष्ट सांगायची तर कुत्रा खुशाल राहू द्यावा. त्याच्यामागोमाग काचेच्या दोन भांड्यांत झिंक सल्फेट आणि लेड सल्फेट पाण्यात ढवळून दाखवावे (शिशाची संयुगे विषारी असल्याने हे काम शिक्षकांनीच करावे) आणि कोणते भांडे गढूळ राहिले ते मुलांना विचारावे.