क्रम आणि बाध : डॉक्टरांच्या प्रात्यक्षिक परीक्षेची एक मीमांसा

मागच्या व्याख्यानात आपण 'नियम पाळणं म्हणजे नेमकं काय करणं' या प्रश्नाशी थांबलो होतो. एखादं रोजच्या जगातलं उदाहरण घ्या, असं बऱ्याच जणांनी कळवलं. म्हणून आज एकच उदाहरण घेऊन बसू या. आपत्कालीन वैद्यक, म्हणजे आपल्या बोलीत कॅज्युअल्टीचं शास्त्र. त्याची प्रात्यक्षिक परीक्षा, आणि त्याहून जास्त, त्या परीक्षेची मुलं जी तयारी करतात ती. आमच्या नावापुढे डॉक्टर आहे, पण ते तत्त्वज्ञानातलं. आमच्या हातून कुणाला आजवर साधी गोळीही दिली गेलेली नाही. तेव्हा औषधांचं आम्ही काही शिकवणार नाही. परीक्षा मात्र आयुष्यभर घेतल्या, त्या अधिकारात बोलतो.

आधी परीक्षेचं रूप. तिला मुलं 'ऑस्की' म्हणतात. एका दालनात ओळीनं खोल्या किंवा पडदे लावलेले कोपरे. त्याला स्टेशन म्हणायचं. प्रत्येक ठिकाणी सात-आठ मिनिटं. एका ठिकाणी पुतळ्याच्या घशात श्वासाची नळी घालायची, दुसऱ्या ठिकाणी ईसीजी वाचायचा, तिसरीकडे छातीत दुखणारा माणूस बसलेला, चौथीकडे मृत्यूची बातमी सांगायची. घंटा वाजली की पुढे. परीक्षकाच्या हातात यादी : हात धुतले का, नाव विचारलं का, ऍलर्जी विचारली का. केलं तर खूण, नाही केलं तर रिकामा चौकोन. भारतात 2009 साली आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली. आता एमडी आहे, डीएनबी आहे, शिवाय इंग्लंडच्या रॉयल कॉलेजची एमआरसीईएम आहे, जी आपल्याकडची पुष्कळ मुलं देतात. लाखांत फी जाते, त्यामुळे तयारीचे क्लासेसही निघाले. ते होणारच.

ही पद्धत रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये, डंडीला बसवली. 1975 साली तिच्यावरचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यामागचं कारण समजून घेतल्याशिवाय टीका करणं बरोबर नाही. जुन्या पद्धतीत विद्यार्थ्याला एक रुग्ण मिळायचा. कुणाच्या वाट्याला सोपा, कुणाच्या वाट्याला किचकट. त्यात परीक्षकाची लहर, विद्यार्थ्याचं कॉलेज, कधी कधी आडनावसुद्धा. हार्डन यांनी म्हटलं की सगळ्यांना तेच रुग्ण, तोच वेळ, तीच यादी द्या. ही न्यायाची मागणी होती. आमच्या पिढीतले काही लोक जुन्या वायव्हाच्या आठवणींनी गहिवरतात. आम्ही त्यांच्यातले नाही. ती परीक्षा परत यावी असं आम्हाला मुळीच वाटत नाही.

आणि आपत्कालीन वैद्यकाचं तर यादीशी जन्मापासूनचं नातं आहे. 1976 च्या फेब्रुवारीत जेम्स स्टायनर नावाचे अस्थिशल्यचिकित्सक स्वतः विमान चालवत असताना अमेरिकेत नेब्रास्कातल्या शेतात कोसळले. पत्नी गेली, मुलं जबर जखमी झाली. जवळच्या छोट्या रुग्णालयात गंभीर जखमी माणसाला आधी काय करायचं याची काही ठरलेली रीतच नाही, हे त्यांनी पाहिलं. त्यातून दोन वर्षांत एक अभ्यासक्रम उभा राहिला, तो आज जगभर एटीएलएस म्हणून शिकवतात. त्याचा गाभा ए-बी-सी-डी-ई : आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदूचं भान, मग अंग उघडं करून पाहणं. जे सर्वांत आधी मारतं ते सर्वांत आधी सांभाळायचं. निदान नंतर. आम्हाला हे फार सुंदर वाटतं, कारण इथे न कळलेल्या गोष्टीवरही योग्य कृती करता येते. तर्कशास्त्र शिकवताना आम्ही उलटं सांगत आलो : आधी ज्ञान, मग कृती.

मग खटकतं कुठे? क्रमाच्या पाठांतरात नाही. पाठ करायलाच हवा. पहाटे तीनला दमलेल्या डोक्याला पाठ असलेलंच आठवतं. खटकतं ते पुढे, आणि त्यासाठी आपल्याच पूर्वमीमांसेकडे जायला हवं. जैमिनीची सूत्रं बारा अध्यायांत आहेत. लोक समजतात की मीमांसा म्हणजे निव्वळ कर्मकांड. पण त्यातला पाचवा अध्याय क्रमावर आहे, कुठलं कर्म कशानंतर. आणि दहावा अध्याय बाधावर आहे, म्हणजे क्रमातलं एखादं कर्म कधी गळतं. त्यातलं प्रसिद्ध उदाहरण बघा. मूळ यागात धान्य कांडायचं असतं. एका यागात धान्याच्या जागी सोन्याचे बारीक तुकडे घ्यायला सांगितलेत. मग सोनं कांडायचं का? मीमांसक म्हणतात, नाही. कांडायचं कशासाठी? तूस निघावं म्हणून. सोन्याला तूस नाही. प्रयोजन गेलं की कर्म गेलं. ज्यांना आपण कर्मठ म्हणतो त्यांनी हे एवढ्या बारकाईनं लिहून ठेवलंय!

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे : परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना आपण पाचवा अध्याय शिकवतो आणि दहावा शिकवत नाही. मुलं सोनं कांडत बसतात.

दोन उदाहरणं घेऊ. दुखण्याचा इतिहास घेण्यासाठी इंग्रजीत एक स्मरणसूत्र आहे, त्याचं नाव चक्क 'सॉक्रेटिस'. त्या नावाच्या आठ अक्षरांत आठ प्रश्न बसवलेत : कुठे दुखतं, कधी सुरू झालं, कसं दुखतं, कुठे पसरतं, सोबत काय होतं, वेळेनुसार कसं बदलतं, कशानं वाढतं-कमी होतं, किती दुखतं. आम्ही हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं. ग्रीक सॉक्रेटिस समोरच्याच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढायचा. याचा पुढचा प्रश्न आधीच ठरलेला!

आता असं धरा की पावसाळ्याची पहाट आहे. तालुक्याच्या रुग्णालयात वीस वर्षांच्या मुलाला आणलंय. पोटात मुरडा, एक-दोन उलट्या. आठही प्रश्न विचारून झाले. उत्तरं मिळाली, पण त्यांतून काही निघत नाही, अपचन वाटतं. या आठांत नसलेला एक प्रश्न आहे : रात्री झोपला कुठे होतास? जमिनीवर. आणि एक पाहणं आहे, पापण्या जड झाल्यात का. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते, दंशाची खूण बहुधा दिसतही नाही, सूज नाही, आग नाही. पोटदुखी हेच कित्येकदा पहिलं लक्षण. मग पापण्या मिटायला लागतात, मग गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थांबतात. रक्त गोठतं का ही वीस मिनिटांची चाचणी घोणस-फुरशाच्या दंशात बोलते. मण्यारीत ती सरळच येते आणि खोटा धीर देते. इथे सूत्र संपूर्ण पाळणारा विद्यार्थी पूर्ण गुण घेईल आणि रुग्ण घालवील.

उलट बाजूचं उदाहरण महाडचं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात गेले तेव्हा विंचूदंशानं माणसं मरत होती आणि नेमकी कशी मरतात याची नीट नोंद नव्हती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून पाहिलं : उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय. हृदयावर काय चाललंय ते त्यातून उमगलं, प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरून दाखवलं आणि ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज तीच लक्षणं यादीत आहेत. यादी अशी कुणाच्या तरी बघण्यातून तयार होते. तिची तयारी करताना ते बघणं मात्र गळून जातं. हृदय बंद पडलेल्या माणसासाठीचा ए-बी-सी 2010 साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं सी-ए-बी केला, आधी छाती दाबा. ज्यांनी अक्षरं पाठ केली होती ते गोंधळले. ज्यांना अक्षरांमागचं प्रयोजन ठाऊक होतं त्यांना ते पटलं.

दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात, नाव राहू द्या, सरावाच्या ऑस्कीसाठी आम्हाला रुग्ण म्हणून बसवलं. वय आणि चेहरा फुकट जमला होता. ही कल्पनाही नवी नाही. 1963 साली हॉवर्ड बॅरोज यांनी लॉस एंजेलिसला ठरवून शिकवलेला रुग्ण पहिल्यांदा वापरला. आमची भूमिका अशी : छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय. आणि चौथ्या मिनिटाला, न विचारता, हळूच म्हणायचं, "कसंतरी होतंय हो." अकरा मुलं आली. आम्ही "कसंतरी होतंय" म्हटलं की बहुतेकांनी मान डोलावली, "हो काका, मला समजू शकतं," आणि पुढचा प्रश्न : "दुखणं दहापैकी किती?" एक मुलगी तेवढी थांबली. मनगट हातात घेतलं, चेहरा बघितला, परीक्षकांकडे वळून म्हणाली, "सर, मी उरलेले प्रश्न सोडतेय. यांना आडवं करायचंय, मॉनिटर लावायचाय." तिचे चार चौकोन रिकामे राहिले. त्या खोलीत यादीप्रमाणे सर्वांत कमी गुण तिला पडले.

हा निव्वळ आमचा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. 1999 साली टोरांटोचे ब्रायन हॉजेस आणि सहकाऱ्यांनी मानसोपचाराच्या ऑस्कीत विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि मुरलेले फॅमिली डॉक्टर, तिघांनाही बसवलं. यादीच्या गुणांत मुरलेले डॉक्टर मागे पडले. का? कारण जाणकार माणूस सगळं विचारत नाही. काय सोडायचं हे कळणं हाच जाणतेपणाचा मोठा भाग, आणि सोडण्याला चौकोन नसतो. आता पुष्कळ परीक्षांत यादीबरोबर परीक्षकाचं एकूण मतही नोंदवतात. हे चांगलंच आहे. पण क्लासमध्ये अजून चौकोनच पाठ होतात, कारण शिकवायला तेच सोपं.

कुणी म्हणेल, मग बाधाची पण एक यादी करा. गिल्बर्ट राइल यांनी 1949 सालच्या पुस्तकात याचाच विचार केलाय. प्रत्येक शहाणी कृती आधी नियम आठवून मगच होत असेल, तर तो नियम इथे लावायचा की नाही हे ठरवायला दुसरा नियम लागेल, त्याला तिसरा. अनवस्था! कुठेतरी माणसाला नुसतं दिसावं लागतं. आणि दिसणं सरावानं येतं, म्हणून प्रश्न सराव कसा करायचा याचा आहे.

सुश्रुतानं यावर एक अख्खा अध्याय दिलाय, योग्या म्हणजे सराव. कापायचं शिकायला कोहळा, दुध्या. भेदायला पाण्यानं भरलेली कातडी पिशवी. शीर टोचायला कमळाचा देठ. शिवायला कापड आणि मऊ कातडं. पट्टी बांधायला मातीकापडाचा पुतळा. प्रत्येक कौशल्याला साजेसं द्रव्य निवडलंय. तोच विवेक आज पुतळ्याशी वापरावा. नळी घालणं पुतळ्यावर शिकता येतं, छाती दाबणंही : पाच ते सहा सेंटिमीटर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. तिथे यादी हवीच, आणि मोठ्यानं बोलणंही हवं. "ॲड्रेनालिन एक मिलिग्रॅम द्या." "दिलं, एक मिलिग्रॅम." हे नाटक वाटेल, पण गोंगाटाच्या खोलीत ते कामच आहे. मात्र "मी हात धुतो आहे, सर" असं न धुता म्हणणारा मुलगा काय शिकतो, याचा विचार शिक्षकांनी करावा.

माणूस समोर असेल तेव्हा द्रव्य बदलावं लागतं. तिघांनी सराव करावा असं आम्ही सुचवतो : एक डॉक्टर, एक रुग्ण, एक परीक्षक. रुग्ण झालेल्यानं परीक्षकाशी गुपचूप ठरवून मध्येच काहीतरी बदलावं. श्वास भरभर घ्यावा, उत्तर अर्धं तोडावं, गप्प व्हावं. आणि परीक्षकानं संपल्यावर एकच विचारावं : "तू काय सोडलंस, आणि का?" ज्याला 'का' सांगता येतं त्याचा बाध. ज्याला येत नाही तो विसरला.

शेवटी मृत्यूची बातमी देण्याचं स्टेशन. परीक्षा इंग्रजीत असते, म्हणून वाक्यंही इंग्रजीत पाठ होतात, आणि मग कॅज्युअल्टीत त्यांची शब्दशः मराठी होते. तो "मला समजू शकतं" त्यातलाच. मराठी माणूस असं बोलत नाही, तो म्हणतो, "बसा आधी." सूत्र सांगतं की शब्द स्पष्ट वापरा, गोलमाल नको. बरोबर. पण मराठीत स्पष्ट शब्द कोणता? "मेले" म्हणून चालणार नाही, तो घाव आहे. "गेले" म्हटलं तर दाराशी उभी असलेली बाई विचारते, "कुठं नेलं?" रुग्णालयात माणसं सारखी कुठेतरी नेली जातच असतात. "आम्ही खूप प्रयत्न केले" यातून अजून प्रयत्न चालू आहेत असंच ऐकू येतं. "काकू, काका वारले" हे स्पष्ट आहे आणि मानाचंही आहे. त्यानंतर गप्प राहायचं, निदान अर्धा मिनिट. यादीत त्यालाही चौकोन असतो म्हणे, पण मुलं मनात आकडे मोजून तो भरतात. आकडे मोजणारा चेहरा समोरच्याला लगेच ओळखू येतो. या एका स्टेशनाचा सराव आपापल्या बोलीत, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला समोर बसवून करावा. ती लगेच सांगेल, "असं नाही रे बोलत कुणी."

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून एक हात केव्हाचा वर आहे.