आयमॅक्सचा पडदा आणि मुळशीचे पाणी

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथे नोकरीला येणाऱ्या पुष्कळांच्या गावीही नसते. त्यांची हिंजवडी म्हणजे राजीव गांधी इन्फोटेक पार्क. पौडची तहसील कचेरी, सातबारा, फेरफार या गोष्टी ज्यांच्या जमिनीवर ते पार्क उभे आहे त्यांच्या वाट्याच्या. माझा भाचा या दोन्ही हिंजवड्यांमधला. वडील शेतकरी, स्वतः संगणक अभियंता. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या मित्रमंडळीत एकच वाद रंगला होता. हा लेख त्या वादातून निघाला आहे.

वाद असा. क्रिस्टोफर नोलनचा 'इंटरस्टेलर' (२०१४) दहा वर्षे झाल्याच्या निमित्ताने डिसेंबर २०२४ मध्ये परदेशात पुन्हा लागला. भारतात मात्र लागला नाही, कारण ५ डिसेंबरला आलेल्या 'पुष्पा २'ने आयमॅक्सचे पडदे व्यापले होते. त्यावरून चाहत्यांत हमरीतुमरी झाली. अखेर ७ फेब्रुवारी २०२५ ला तो आपल्याकडे लागला, जुना चित्रपट असूनही आयमॅक्सचे खेळ भरभरून गेले, आणि आठवड्याने, १४ फेब्रुवारीला, 'छावा' आल्यावर त्याला पुन्हा पडदे सोडावे लागले. मार्व्हलचा 'कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'ही त्याच आठवड्यात आला होता. म्हणजे एक विज्ञानपट, एक सुपरहिरोपट आणि एक ऐतिहासिक चित्रपट, आणि तिघांना हवा तो एकच पडदा. गर्दी कोणी ओढली हे महाराष्ट्रात सांगायला नको.

या गर्दीचा अर्थ लावताना मुलांचे तीन तट पडले. पहिला म्हणे, आपल्या लोकांना डोके चालवायचे नसते. दुसरा म्हणे, लोकांना आपल्या मातीतले हवे असते, परग्रहाशी त्यांचे काय देणेघेणे? तिसऱ्याचे म्हणणे की सुपरहिरोंचा आता वीट आला आहे, बाकी काही नाही. समीक्षकही थोड्या भारदस्त भाषेत हेच तीन तट राखून असतात. मला तिन्ही मते अपुरी वाटतात. 'डोके चालवायचे नसते' म्हणावे, तर दहा वर्षे जुन्या, सापेक्षतेवर उभ्या असलेल्या चित्रपटाची तिकिटे संपली कशी? 'मातीतले हवे' म्हणावे, तर एप्रिल २०१९ मध्ये 'अॅव्हेंजर्स : एंडगेम'साठी पहाटेचे खेळ भरले, ते कोणत्या मातीसाठी? आणि वीट आला म्हणावे, तर २०२५ च्याच ऑगस्टमध्ये आलेला मल्याळम 'लोका' हा सुपरहिरोपटच आहे. केरळच्या नीली यक्षीच्या लोककथेतून त्याची नायिका आली आणि त्याने मल्याळम चित्रपटांच्या कमाईचे जुने उच्चांक मोडले.

माझे म्हणणे असे की प्रेक्षक विज्ञान विरुद्ध भावना किंवा परके विरुद्ध आपले असे मोजत नाही. पडद्यावर जे नष्ट होते त्याला काही पत्ता आहे का, हे तो पाहतो. कोणाचे गेले, कुठले गेले, आणि गेलेले परत येणार आहे की नाही, हे त्याला कळावे लागते. ते कळले की तो कृष्णविवरातही जातो.

'इंटरस्टेलर' पुन्हा पाहताना हे लख्ख दिसले. विवरे आणि मिती सोडून द्या, त्याचा पहिला पाऊण तास शेतीचा आहे. करपा पिके खात चालला आहे. गहू संपला आहे, भेंडीचे शेवटचे पीक जाळले जाते आहे, उरला आहे मका. (भेंडीच्या उल्लेखाला आमच्या खेळाला हशा पिकला.) नोलनने हा मका संगणकावर उगवला नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ५०० एकरांत तो खरोखर पेरला. सुरुवातीला धुळीच्या वादळांबद्दल बोलणाऱ्या म्हाताऱ्यांमधले काही जण तर अभिनेतेही नाहीत. १९३० च्या दशकात अमेरिकेत शेते धुळीला मिळाली ती पाहिलेली माणसे केन बर्न्सच्या माहितीपटात बोलली होती, ती तिथून इथे आली आहेत. ज्या चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न पुढे नोबेलचे मानकरी झाले, त्या चित्रपटाने आपला पाया भौतिकीत घालण्याआधी शेतात घातला.

नायक कूपर अभियंता आणि वैमानिक, पण जगाला अभियंते नकोत, शेतकरी हवेत, म्हणून शेतकरी झालेला. मुळशीत याच्या नेमके उलटे घडले. शेतकऱ्याची मुले अभियंता झाली, आणि ज्यांना ते जमले नाही ती त्याच पार्कच्या फाटकावर सुरक्षारक्षक झाली. म्हणून पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे हे गणित आमच्याकडे कोणाला फोड करून सांगावे लागत नाही. एका खरेदीखताच्या दुपारनंतर पुढची वीस वर्षे कुठे गेली हे न कळलेली माणसे इथे घरोघर आहेत. कूपर तेवीस वर्षांचे साचलेले निरोप एका बैठकीत पाहतो, तेव्हा चित्रपटगृहात जी शांतता पसरते, ती भौतिकीची नसते.

याउलट 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'. त्यात हिंदी महासागरात एका अवाढव्य दैवी देहाचे बेट झाले आहे, त्यात अमोल धातू सापडला आहे आणि त्यावर हक्क कोणाचा यावरून अमेरिका आणि जपान यांचे आरमार भिडते. केवढा मोठा विषय हाती आला होता! महासागर आपला, खनिज तिथले, भांडणारे दुसरेच. पण त्या महासागराच्या काठावरच्या एकाही कोळ्याचे म्हणणे पडद्यावर येत नाही. हिंदी महासागर हे तिथे फक्त विमानांच्या झुंजीमागचे निळे कापड आहे. शिवाय कथा नीट समजायला २००८ चा एक चित्रपट, २०२१ चा दुसरा आणि त्याच वर्षीची एक मालिका पाहिलेली असावी लागते. मुले याला 'गृहपाठ' म्हणतात आणि वैतागतात. मला त्यांचा वैताग गृहपाठाचा वाटत नाही. लोक महाभारताचा केवढा गृहपाठ हौसेने करतात. पण या गृहपाठात पात्रांची नावे पाठ होतात, गाव एकही कळत नाही.

'एंडगेम' चालला तो या दोषातून सुटला म्हणून. थॅनोसच्या एका चुटकीने अर्धे जग नाहीसे होते, हे आधीच्या भागात होते. 'एंडगेम'ने त्यानंतरची पाच वर्षे दाखवली, ओस घरे दाखवली, हरवलेल्यांच्या नावांचे दगड दाखवले. शेवटी गेलेले परत येतात, हा त्या प्रकारचा नियमच आहे. पण मधली पाच वर्षे परत येत नाहीत, एवढा खरेपणा त्याने राखला. त्यानंतरच्या मार्व्हलने अनेक विश्वांची कल्पना आणली आणि तोही खरेपणा घालवला. इथे मेलेला तिथे जिवंत असेल, तर रडायचे कोणासाठी?

गंमत अशी की ही अनेक विश्वे मराठीला नवी नाहीत. जयंत नारळीकर १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत उतरले (स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती), आणि त्यांच्या विज्ञानकथा आधी वाचल्या त्या मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या वाचकांनी. त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निसटून जाते आणि मराठे पानिपत जिंकतात. मार्व्हलचा लेखक असता तर दोन्ही जगांची फौज एकत्र आणून अब्दालीवर सोडली असती. नारळीकरांचे प्राध्यापक मुंबईत सभेतल्या अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीत बसतात, श्रोत्यांचा मार खातात आणि खिशात बखरीचे एक पान घेऊन परततात. तिकडे पानिपत जिंकले म्हणून इकडचे भरून येत नाही. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा त्यांच्या विज्ञानावर पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या विज्ञानकथेतल्या नुकसानाच्या या हिशेबावर मला फारसे वाचायला मिळाले नाही.

आता 'छावा'. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा हा लक्ष्मण उतेकरांचा चित्रपट घडणीने सुपरहिरोपटच आहे : सिंहाशी झुंज, एकटा शंभरांना भारी, पार्श्वसंगीताचा ढोल. त्यातली राजकारणाची गुंतागुंत अगदी पातळ आहे आणि बाईमाणसांना दोन-दोन प्रसंगांपलीकडे जागा नाही. तरीही लोक रडत बाहेर पडले, कारण शेवट ठाऊक होता आणि त्याचा पत्ताही ठाऊक होता. संगमेश्वर नकाशावर आहे. तुळापूर आणि वढू बुद्रुक पुणे जिल्ह्यातच आहेत, एका दिवसात जाऊन येता येते. मात्र पत्ता असला की जाब विचारणारेही असतात. प्रदर्शनाआधी नृत्याच्या प्रसंगावर आक्षेप आला आणि तो काढावा लागला. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. थॅनोसचे वंशज कोणाच्या दारात उभे राहत नाहीत. सुपरहिरोपटांच्या निर्मात्यांना ही केवढी सोय आहे! आणि ते चित्रपट पुसट होत चालले आहेत तेही या सोयीमुळेच.

माझ्या सिद्धांताला अडचण आहे ती एका मराठी चित्रपटाची. निखिल महाजन यांचा 'बाजी' (२०१५) हा मराठीतला मुखवटाधारी नायकाचा प्रामाणिक प्रयत्न. त्यात गाव आहे, कोकण आहे, दंतकथा आहे. तरी तो लोकांनी उचलला नाही. मग पत्त्याचे काय झाले? मला वाटते तिथे गाव वेशभूषेसारखे आले. गावाला दंतकथा होती, पण त्या माणसांचे एकमेकांशी काय देणेघेणे आहे ते आपल्याला कळत नाही. बेसिल जोसेफचा मल्याळम 'मिन्नल मुरली' (२०२१) शेजारी ठेवून पाहा. त्यातले गावही काल्पनिकच. पण कोणी कोणावर प्रेम केले, कोणाला वेडा ठरवले, कोणाच्या दुकानाला आग लागली, हे सगळे गावाला पाठ आहे. वीज पडून दोघांना शक्ती मिळते, एक शिंपी आणि एक वाळीत टाकल्यासारखा माणूस. दुसरा खलनायक होतो तो गावाने केला म्हणून. पत्ता म्हणजे पिनकोड नव्हे. माणसांचे आपसातले जुने हिशेब म्हणजे पत्ता.

वीज म्हटली की मुळशीला दुसरीच आठवते. टाटा कंपनीने मुळा-नीला संगमापाशी धरण बांधायला घेतले ते मुंबईला वीज देण्यासाठी. पूर्वेला भीमेकडे जायचे पाणी पश्चिमेला वळवून कोकणात भिऱ्याला उतरवायचे, आणि त्यासाठी मावळ्यांची गावे बुडवायची. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले. सत्याग्रह मोडला, धरण झाले. मुंबईच्या गिरण्या ज्या विजेवर चालल्या, तिच्यात ही बुडालेली गावे होती.

ही कथा आपण सांगतो ती बहुधा सेनापतींची, म्हणजे एका वीराची, म्हणून सांगतो. राजेंद्र व्होरांनी या लढ्याचा अभ्यास करून ती अधिक अवघड करून ठेवली आहे : जमीन कसणारा मावळा आणि त्या जमिनीवर हक्क सांगणारा सावकार यांचे हित एक नव्हते. मोबदल्याचा प्रश्न आला तेव्हा ते उघड झाले. असा प्रसंग सुपरहिरोपटाला पचत नाही. त्याला खलनायक बाहेरून आलेला लागतो.

प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न'ला (२०१८) तो तसा लागला नाही, हे त्याचे मोठेपण. सखाराम पाटील जमीन विकतो, पैसा उडतो, पाटलाचा वॉचमन होतो आणि मुलगा राहुल गुंड. त्या चित्रपटाचा उत्तरार्ध मला भडक वाटतो. गुंडगिरीचा निषेध करता करता तो तिच्या रुबाबाला भुलतो, आणि शिट्ट्या पडतात त्या निषेधाला नव्हे. पण जमीन विकणारा बाप स्वतः दोषी आहे आणि तरी आपला आहे, हे मोहन जोशींनी उभे केलेले दुःख कोणत्याही खास दृश्यपरिणामाने साधले नसते. २०२१ मध्ये 'अंतिम' या नावाने तो हिंदीत गेला आणि सलमान खानचा पोलीस मोठा झाला. वीर मोठा झाला तसे शेत लहान झाले.

भाच्याने त्या फेब्रुवारीत वडिलांना, म्हणजे माझ्या दाजींना, हट्टाने 'इंटरस्टेलर'ला नेले. मीही होतो. दाजींना इंग्रजी येत नाही. भाचा कानाशी लागून सांगत होता. अंतराळयान सुटल्यावर त्यांनी डोळे मिटले, तेव्हा मी विचारले, "दाजी, झोप आली का?"

"नाही ओ. ऐकतोय." थोड्या वेळाने भाच्याकडे वळून म्हणाले, "एवढा मका सोडून गेला तो. मागं बघतंय कोण?"

"त्याचा मुलगा बघतोय, आप्पा."

"मग त्याच्यावर का नाही पिक्चर?"

भाच्याला उत्तर सुचले नाही. वडील अंतराळात असताना शेत राखणारा तो मुलगा टॉम. धुळीने मूल गेले तरी तो जागा सोडत नाही. चित्रपटाला त्याच्यात रस नाही. तो हट्टी आहे, एवढे दाखवून कॅमेरा त्याच्या हुशार बहिणीकडे जातो. समीक्षकांनीही टॉमबद्दल फारसे लिहिलेले नाही. परतताना चांदणी चौकातून आम्ही पौड रस्त्याला लागलो. पिरंगुटपर्यंत दाजी टॉमबद्दलच विचारत होते : शेवटी त्याच्या नावावर काही राहिले का?