भार उतरवावा तो कोणापाशी?

‘गुरुचरित्रा’चा चौदावा अध्याय संकटनिवारक म्हणून घरोघर वाचला जातो. त्या अध्यायाचा नायक सायंदेव हा कडगंचीचा आणि ग्रंथकर्ता सरस्वती गंगाधर त्याच्याच वंशातला, याची जाणीव मात्र वाचणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असते. आळंद तालुक्यातील हे गाव आज कर्नाटक केंद्रीय विद्यापीठामुळे अधिक परिचित आहे. पहिल्या अध्यायात कर्त्याने आपली वंशावळ दिली आहे : सायंदेव, नागनाथ, देवराव, गंगाधर आणि सरस्वती. ग्रंथात मराठी ओव्यांमध्ये कन्नड पदेही आढळतात. तेव्हा चौदावा अध्याय हा केवळ चमत्कार नव्हे. खापरपणजोबांच्या भीतीची घरात जपलेली ती आठवण आहे.

ही आठवण नीट वाचावयाची तर तेराव्या अध्यायापासून आरंभ करावा लागतो. पोटशूळाने त्रासलेला एक ब्राह्मण नदीत जीव द्यावयास निघाला आहे. नृसिंहसरस्वती त्याला प्रथम थांबवितात, त्याचे दुःख त्याच्याच तोंडून ऐकतात आणि त्याला जेवू घालण्याचे काम सायंदेवाकडे सोपवितात. त्यानंतर सायंदेव स्वतःची व्यथा उघड करतो : यवन अधिकाऱ्याने आपणास मारण्यासाठी बोलाविले आहे. दोन्ही ठिकाणी सुटकेचा आरंभ सांगण्यातून होतो, आणि सांगणे ऐकणाऱ्यापाशी होते.

हवाई बेटांतील ‘होओपोनोपोनो’ या प्रथेचे येथे स्मरण होते. मेरी कावेना पुकुई यांनी 1972 च्या ‘नाना इ के कुमू’ या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. कुटुंब वडीलधाऱ्यांसमोर बसते, प्रार्थना होते, अपराध बोलून दाखविला जातो, क्षमा मागितली व दिली जाते आणि शेवटी सर्वजण एकत्र जेवतात. अपराधाने पडलेल्या गुंत्याला त्यांच्याकडे ‘हिहिआ’ म्हणतात आणि तो सोडविण्याला ‘काला’. या गुंत्यात अपराधी आणि दुखावलेला असे दोघेही अडकलेले असतात. म्हणून दोघांनाही मोकळे व्हावे लागते.

या कसोटीवर चौदावा अध्याय उणा पडतो, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. यवन सायंदेवाच्या पाया पडतो, त्याला वस्त्रे देऊन परत पाठवितो. परंतु हा पालट धाकाने घडलेला आहे. प्रतिवर्षी त्याच्या हातून मेलेल्यांबद्दल पश्चात्तापाचा एक शब्दही तो उच्चारीत नाही. सायंदेव वाचतो, गुंता मात्र तसाच राहतो.

तथापि अध्यायाचा शेवट सामान्य नाही. आपण पुढे तुमच्या गावाजवळ वास करू, तेव्हा बायकामुले व आप्तेष्टांसह भेटीस यावे, असे गुरू सांगतात. भयमुक्त झालेला मनुष्य अरण्यात जात नाही. तो आपल्या माणसांत परततो.

दोन्ही परंपरांची अलीकडे सारखीच दशा झाली आहे. हवाईची कुटुंबसभा चार वाक्यांच्या एकांत जपावर आली; आपला अध्याय संख्या मोजून पुरा करण्याच्या पाठावर आला. जपाने मन शांत होत असेल, त्याविषयी तक्रार नाही. परंतु ज्याचे आपण दुखविले त्याच्या दाराशी जाण्याचे टळावे म्हणून जप करावयाचा, तर तो भार उतरविणे नव्हे. तो केवळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेणे होय. गोव्या-कोकणात गाऱ्हाणे चारचौघांच्या देखत घातले जाते. त्या शहाणपणासह कडगंचीची ही कथा पुन्हा वाचावी.