दांडपट्टा म्हणजे नाव बदललेली तलवार नव्हे

गेल्या वेळी आपण गिल्बर्ट राईल यांच्यापाशी थांबलो होतो. एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. आज त्याचंच एक उदाहरण खेळातून घेऊ.

धुळ्यात नातवाच्या मित्रांबरोबर आम्ही दोन संध्याकाळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला बसलो. (हसू नका. सत्तरीनंतर फासे टाकू नयेत असं कुठे लिहिलेलं नाही.) आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगायचं, वीस बाजूंच्या फाशाने वार लागला की नाही ते ठरवायचं, आणि लागला तर दुसऱ्या फाशाने इजा मोजायची. एका मुलाचं पात्र मावळ्याचं होतं, हातात दांडपट्टा. कागदावर पाहिलं, तर इजा आठ बाजूंच्या फाशाची. म्हणजे नियमपुस्तकातली 'लाँगसोर्ड'च, फक्त बारसं नवं!

आमचा आक्षेप तिथेच आहे. पट्ट्यात हात कोपराकडे जाणाऱ्या लोखंडी कवचात शिरतो, आत आडव्या दांडीवर मूठ वळते, मनगट बांधलं जातं. मग वार निघतो खांद्यातून, कमरेतून, पावलांतून. मर्दानी खेळात पट्टेकरी गरगर फिरतो तो नुसता दिखावा नसतो. त्या हातातून शस्त्र उडवणं कठीण; पण त्याच हाताने कडी काढता येत नाही, दोर धरता येत नाही. शस्त्राची ओळख ते काय करू देत नाही यातही असते, बरं का.

म्हणून आम्ही सुचवलं की इजेचा फासा राहू द्या. चहूबाजूंनी वेढलं असेल तर पट्टेकऱ्याला फायदा द्या. अरुंद जिन्यात दोनदा फासा टाकून कमी आकडा घ्या. हात मोकळा करायला एक पाळी जाऊ द्या. पुस्तकाला ही रीत परकी नाही. 2014च्या पाचव्या आवृत्तीत घोडेस्वाराचा 'लान्स' पाच फुटांच्या आतल्या शत्रूवर चालवताना हीच अडचण येते.

वाघनखांचं तर हसूच होतं. चार बाजूंच्या फाशाने ती मोजली, तर 10 नोव्हेंबर 1659ला प्रतापगडाखाली डझनभर मिठ्या माराव्या लागल्या असत्या. त्यांचं बळ लपण्यात आहे. तेव्हा फासा टाकायचा तो मिठीच्या आधी, समोरच्याला ती दिसतात का यासाठी.

आणि गोफण? ती पुस्तकात आहेच, 'स्लिंग' नावाने. किंमत एक चांदीचं नाणं, इजा चार बाजूंच्या फाशाची, पल्ला तीस फूट, त्यापुढे एकशे वीसपर्यंत अडखळत. मुलं म्हणाली, "ते कोणीच घेत नाही, सर." आम्ही विचारलं, ज्वारी हुरड्यात आली की तुमच्याकडे पाखरं कशाने हाकायचे? अमळनेरकडचा एक जण गप्प झाला. त्याच्या आजीने माळ्यावर उभं राहून वर्षानुवर्षं तेच केलेलं. पण पुस्तकातली 'स्लिंग' म्हणजे आजीची गोफण, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आम्ही त्याला आजीकडे पाठवलं. पुढच्या बैठकीला तो आला तो हसतच. आजीने आधी एकच गोष्ट सांगितली होती, माझ्या शेजारी उभा राहू नको. आता त्यांच्या वहीत नियम आहे: गोफण फिरवताना लगतच्या चौकोनात सोबती असेल, तर वार नाही.