बनगरवाडीचे मास्तर आणि अमोल पालेकर

लोकप्रिय नट दिग्दर्शनाकडे वळला की बहुधा स्वतःची प्रतिमा जपणारेच चित्रपट काढतो. अमोल पालेकर या नियमाला अपवाद ठरले. ‘रजनीगंधा’ (१९७४) ते ‘गोलमाल’ (१९७९) या काळात त्यांनी नोकरदार, किंचित बुजरा, साधासुधा तरुण घराघरांत पोहोचवला. ‘भूमिका’त (१९७७) बायकोच्या कमाईवर जगणारा केशव दळवी रंगवून त्या प्रतिमेला त्यांनी तडा दिला, आणि ‘आक्रीत’मध्ये (१९८१) ती मोडूनच टाकली. मानवतच्या हत्याकांडावर आधारलेल्या, तेंडुलकरांनी लिहिलेल्या या पहिल्याच दिग्दर्शनात त्यांनी स्वतःकडे ठेवली ती मुकुटरावाची काळीकुट्ट भूमिका.

पुढे त्यांनी निवडलेली माणसे पाहावीत. ‘दायरा’तला (१९९६) स्त्रीवेषात वावरणारा नर्तक, ‘ध्यासपर्व’मधले (२००१) र. धों. कर्वे. नट पालेकर ज्या सभ्य समाजाचा लाडका होता, त्याच समाजाने दाराबाहेर ठेवलेली ही माणसे. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवणाऱ्या कर्व्यांना त्या काळी किती जणांनी जवळ केले, हे सुज्ञ वाचकांस सांगायला नको.

मात्र सगळेच साधले असे नव्हे. ‘पहेली’त (२००५) विजयदान देथा यांच्या कथेतले भूत अखेर नवऱ्याच्याच देहात येते आणि नायिकेचा प्रश्न सोयीस्करपणे सुटतो. याच कथेवरील मणी कौल यांच्या ‘दुविधा’त (१९७३) ही सोय नव्हती. तारे-तारका आणि रंगांची उधळण हाती आली, तेव्हा पालेकरांचा संयम सुटला, असे माझे मत आहे.

तो संयम पुरेपूर भेटतो ‘बनगरवाडी’त (१९९५). माडगूळकरांच्या कादंबरीतला औंध संस्थानातला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, तालीम उभी करतो, हळूहळू वाडीचा होतो. दिग्दर्शक कुठेही आवाज चढवीत नाही. चंद्रकांत मांढरे यांचा कारभारी पाहताना तर नट अभिनय करतो आहे याचा विसर पडतो. त्या वर्षीच्या उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, तो उचितच.

पण मी मुख्याध्यापक, तोही सुरतच्या गोडादऱ्यातला. म्हणून माझी एक तक्रार आहे. दुष्काळ पडतो, वाडी उठते, मास्तरही निघतो, आणि कथा थांबते. उठलेली माणसे जातात कुठे? आमच्या गोडादऱ्यात त्याचे उत्तर गल्लोगल्ली भेटते. नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेली, घरात अहिराणी बोलणारी कुटुंबे इथे राहतात. कोणी यंत्रमागावर, कोणी डाइंग मिलमध्ये, कोणी साडीला टिकल्या लावण्याच्या कामावर. त्यांची मुले आमच्या शाळेत मराठी शिकतात, बाजारात गुजराती बोलतात आणि सिनेमा हिंदी पाहतात. ‘गोलमाल’ त्यांना पाठ आहे. ‘बनगरवाडी’चे नाव त्यांनी ऐकलेले नसते. आपल्याच आजोबांची गोष्ट त्यांना ठाऊक नाही.

यात दोष एकट्या पालेकरांचा नाही. स्वतंत्र बाण्याने काढलेला मराठी चित्रपट महोत्सवांत जातो, पुरस्कार घेतो. पण गाव सोडून कामाला आलेल्यांच्या वस्तीपर्यंत त्याला आणणारी यंत्रणा आपण उभीच केली नाही. वाचनालये, मंडळे आणि आम्ही शाळावाले, सारेच यात आले. पालेकरांनी २०२४ साली ‘ऐवज’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. तो ऐवज पुण्या-मुंबईच्या रसिकांपुरता राहू नये असे वाटत असेल, तर गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा ठेवणाऱ्या मंडळांनी एक रात्र ‘बनगरवाडी’ला द्यावी. पडदा शाळेच्या भिंतीवर लावू.