‘होम एज्युकेशन’मधील मोकळी हवा : एक फेरविचार

शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज शिक्षणशास्त्रज्ञ बाईंचा ‘होम एज्युकेशन’ हा ग्रंथ १८८६ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीच्या हिवाळ्यात ब्रॅडफर्ड येथे स्त्रियांपुढे त्यांनी जी व्याख्याने दिली, त्यांचेच हे ग्रंथरूप होय. इंग्लंडात त्यांचे नाव पुढे बरेचसे मागे पडले. परंतु अमेरिकेत १९८४ साली सूझन शेफर मकॉली यांचे ‘फॉर द चिल्ड्रन्स सेक’ हे पुस्तक निघाल्यानंतर, मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकविणाऱ्या पालकांमध्ये मेसनबाईंच्या ग्रंथमालेचे नव्याने वाचन सुरू झाले. आज या पालकवर्गात हा ग्रंथ निसर्गशिक्षणाचा आद्यग्रंथ म्हणून मानला जातो. ही मान्यता कितपत साधार आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आधार नाही असे म्हणता येणार नाही. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात, हवा बरी असेल त्या दिवशी मुलांनी दोन नव्हे तर चार, पाच, सहा तास घराबाहेर काढावेत, असे लेखिका स्पष्टपणे सांगते. पहिल्या सहा वर्षांत औपचारिक धडे तिला मान्य नाहीत. झाडाफुलांशी नावानिशी ओळख, ऋतुमानाप्रमाणे त्यांत होणाऱ्या पालटाची नोंदवही, ओढ्याकाठी आणि टेकडीवर मिळणारे भूगोलाचे पहिले पाठ, हे सारे या ग्रंथात आहे आणि ते आजही टवटवीत वाटते. तथापि ग्रंथाचा मोठा भाग सवयींच्या विवेचनास दिलेला आहे, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांकडून सहसा सांगितली जात नाही. मेंदूत सवयीचे रूळ घालावयाचे आणि त्यांवरून आयुष्याची गाडी निर्वेध चालवावयाची, ही कल्पना लेखिकेने आपल्या काळच्या शरीरशास्त्रावरून घेतली आहे. कार्पेंटरच्या १८७४ सालच्या मानसशरीरशास्त्रावरील ग्रंथाचे ऋण तिच्यावर आहे. रूळ आणि रान ही दोन्ही एकाच ग्रंथात कशी नांदतात, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मला ग्रंथातील दोन लहानशा खेळांत सापडते. पहिल्या खेळात आई मुलांना समोरच्या टेकाडाकडे, ओढ्याकडे किंवा कुंपणाकडे पिटाळते. कोण अधिक पाहून येतो आणि अधिक सांगतो, अशी त्यात चढाओढ. मुले धावत येतात आणि आपापल्या परीने सांगू लागतात. आई ऐकते आणि मूल विचारील त्या क्षणी वस्तूचे नाव पुरविते. दुसऱ्या खेळात मुलाने एखादे दृश्य नीट न्याहाळावयाचे, डोळे मिटून ते मनात उभे करावयाचे आणि मग शब्दांनी सांगावयाचे. चित्र धूसर असेल तर पुन्हा डोळे उघडून पाहावयाचे. या दुसऱ्या खेळाने अवधानावर ताण पडतो, म्हणून तो क्वचितच खेळावा, असा इशाराही लेखिका देते. हा इशारा मला फार मोलाचा वाटतो. नुसते पाहणे मुलाला थकवीत नाही. पाहिलेले शब्दांत धरून ठेवणे थकविते, हे तिला ठाऊक होते.

या दोन्ही खेळांत निसर्ग हे निमित्त आहे. घडवावयाची आहे ती वाणी. काही न गाळता आणि काही न वाढविता सांगणे, ही ती सवय, आणि लेखिकेच्या मते तिचा थेट संबंध सत्यनिष्ठेशी आहे. रूळ घालावयाचे ते येथे. म्हणून रान मोकळे सोडलेले दिसले तरी त्यातून परत येण्याची वाट आखलेली आहे, आणि त्या वाटेच्या टोकाशी ऐकणारे कोणीतरी बसलेले आहे. नंतरच्या ग्रंथांत वाचलेला मजकूर मुलाने एकदाच वाचून आपल्या शब्दांत सांगावा ही जी पद्धती प्रसिद्धीस आली, तिचे बीज या कुंपणापाशीच पडलेले दिसते. मेसनबाईंना रूसोच्या परंपरेत बसविणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा. ‘एमिल’मधील (१७६२) मुलाला वस्तूंनी शिकवावयाचे आणि शब्दांविषयी शक्यतो साशंक राहावयाचे, असा बेत आहे. मेसनबाईंचा शब्दांवर असा अविश्वास नाही.

याची प्रचीती मला एकदा अनपेक्षितपणे आली. एम.ए.च्या वर्गास खिडकीबाहेरील करंजाचे वर्णन दहा ओळींत लिहावयास मी सांगितले होते. ‘डेरेदार’, ‘हिरवागार’, ‘निसर्गरम्य’ ही विशेषणे जवळजवळ प्रत्येक कागदावर होती. पानांवरच्या फोडांचा उल्लेख एकाही कागदावर नव्हता, आणि करंजाचे पान फोडांवाचून क्वचितच दिसते. साहित्याचे विद्यार्थी पाहण्याआधीच शब्द उचलतात, हा दोष त्यांचा एकट्यांचा नाही. वर्गात बसून आम्हीच तो रुजविलेला आहे.

आता ग्रंथाच्या उणिवेकडे वळू. सहा तास ऐकावयास बसणारी ही आई कोण? ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. १८८६ साली इंग्लंडच्या कायद्यानुसार दहा वर्षांचे मूल अर्धा दिवस गिरणीत व अर्धा दिवस शाळेत घालवू शकत असे, आणि ब्रॅडफर्डच्या गिरण्यांतून अशी मुले मोठ्या संख्येने होती. त्यांच्या आया व्याख्यानास आल्या असतील हे संभवत नाही. ग्रंथातील घरात दाई आहे, शिक्षिका आहे, जवळ कुरण आहे. १८९२ साली ॲम्बलसाइड येथे मेसनबाईंनी जी संस्था काढली, तीही मुख्यतः अशा घरांसाठी शिक्षिका तयार करणारी होती. मोकळ्या हवेचे मोल कोणाच्या वेळाने चुकते होते, हा प्रश्न ग्रंथात विचारलेलाच नाही. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की, १९१४ साली यॉर्कशरमधील ड्रिग्लिंग्टन या खाणकामगारांच्या गावच्या सार्वजनिक शाळेत त्यांची पद्धती स्वीकारली गेली. परंतु तेथे गेली ती उत्तम पुस्तके आणि कथनाची सवय. सहा तासांचे कुरण गेले नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्याकडील आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १९५७ साली ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वारली मुले शाळेत येत नसत, कारण ती गुरे राखीत. तेव्हा शाळाच गुरांमागे न्यावयाची, असे ठरून ‘कुरणशाळा’ निघाली. मेसनबाईंच्या मुलाला कुरण शोधत न्यावे लागे. कोसबाडच्या मुलाला ते जन्मतः मिळालेले होते, पण काम म्हणून. झाडांची नावे त्याला शिक्षिकेहून अधिक ठाऊक असण्याचा संभव होता. मग त्याला उणे कशाचे होते? निरीक्षणाचे खासच नव्हे. त्याने पाहिलेले ऐकून घेणाऱ्या, त्याचे शब्द अपुरे किंवा अशुद्ध न ठरविणाऱ्या माणसाचे उणे होते, असे मला वाटते. आणि येथे ग्रंथातील पहिल्या खेळाचे एक अंग उलटे होते. ब्रॅडफर्डच्या व्याख्यानात वस्तूचे नाव आई पुरविते. कुरणात ते मुलाकडे, वारलीत, आधीच असते, आणि विचारण्याची पाळी शिक्षिकेची असते.