मातेच्या तोंडचा विलाप

आयरिश लोकगायक शोसव ओ हेनी, जगाला परिचित असलेले जो हीनी, यांच्याविषयी लिहू जाता चरित्र गाण्याच्या आड येते. १९१९ साली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॉनेमारातील कार्नाजवळच्या खडकाळ वाडीत जन्म; मातृभाषा आयरिश, म्हणजे तिथली गेलिक; पुढे स्कॉटलंड-इंग्लंडात पोटासाठी अंगमेहनत; मग अमेरिका आणि न्यूयॉर्कमधील एका श्रीमंत इमारतीत द्वारपालाची चाकरी. १९८२ साली अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान लाभला, सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापन मिळाले, आणि १९८४ मध्ये तिथेच देहान्त झाला. दाराशी उभा असलेला थोर गायक हे चित्र इतके मोहक आहे की पुष्कळ लेखक त्यापाशीच थबकतात. पॅट कॉलिन्स यांच्या 'साँग ऑफ ग्रॅनाइट' (२०१७) या कृष्णधवल चित्रपटालाही हा मोह सुटलेला नाही. मात्र तो गाण्यांना ऐसपैस वेळ देतो, हे त्याचे श्रेय.

हीनींच्या गायकीला 'शान-नोस', म्हणजे 'जुनी रीत' म्हणतात. साथीला वाद्य नाही, बांधीव ठेका नाही. लय शब्दांच्या वजनाने चालते. एखाद्या अक्षरावर बारीक मुरकी येते आणि पुढच्या कडव्यात ती दुसरीकडे सरकते. दुःखाच्या जागी आवाज चढत नाही की कापत नाही. आपल्या कानाला ही अलिप्तता प्रथम कोरडी वाटेल.

ती कोरडी नाही, हे 'तीन मरियांचा विलाप' ऐकताना उमगते. मरिया पेत्राला आपल्या लाडक्याविषयी विचारते आणि क्रुसापर्यंतची वाट संवादांतून उलगडते. 'स्ताबात मातेर' या लॅटिन स्तोत्रात कवी मातेकडे पाहतो; इथे माताच बोलते, तेही गावच्या बोलीत. आयर्लंडात प्रेताशेजारी बसून स्त्रियांनी गाऊन रडण्याची रीत होती आणि धर्माधिकाऱ्यांनी तिला वारंवार विरोध केला. माझ्या मते या विलापाचे मोल इथेच आहे: अंगणात निषिद्ध ठरलेला शोक लोकांनी पवित्र मातेच्या मुखी ठेवला. तिला गप्प कोण करणार? आणि पुरुष असूनही हीनी स्त्रीचा स्वर वठवू पाहत नाहीत. ते केवळ तिचे शब्द वाहून आणतात.

एक उणीव नोंदवावी लागेल. अमेरिकन श्रोत्यांपुढे ते गाण्याआधी इंग्रजीत पुष्कळ सांगत. आयरिश न जाणणाऱ्यांपुढे दुसरा उपाय नव्हता, हे खरे. पण कथेने आधीच डोळे ओले केले की स्वराला करण्याजोगे थोडेच उरते.

वॉशिंग्टन विद्यापीठाने त्यांची ध्वनिमुद्रणे जतन केली आहेत. ती ऐकताना भाषांतर आधी समोर घेऊ नये. एकदा नुसते ऐकावे, आणि मग शब्दांकडे वळावे.